सूनबाईच्या वाट्याला 80 युनिट

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. घर स्वतःचं, दुमजली. खाली त्या आणि त्यांचे पती राहतात, वर नोकरी करणारी दोन मुलं भाड्यानं. दोन्ही मजल्यांना वेगळे मीटर. इतकी वर्षं बिलावर महिन्याला 135 ते 145 युनिट येत, साडेतेराशे रुपयांच्या आसपास. नोव्हेंबरात सून आणि दोन वर्षांचा नातू राहायला आले. मुलगा परगावी असतो, सून घरूनच लॅपटॉपवर काम करते. वीज गेली तर तिचं काम अडू नये म्हणून त्याच आठवड्यात इन्व्हर्टर बसवला. त्यानंतर डिसेंबरचं बिल 410 युनिटांचं, जानेवारीचं 378चं, फेब्रुवारीचं 405चं. रक्कम पाच हजारांच्या वर. घरात एसी नाही. जानेवारीत सून मुलाला घेऊन 12 दिवस माहेरी गेली होती.

पती म्हणतात नवं मीटर जोरात पळतं. त्यांना स्वतःला वरच्या मुलांचा संशय येतो. आणि मनातल्या मनात, हे त्यांनीच लिहिलं आहे, सुनेचा. "मी तिला एका शब्दानं बोलले नाही, पण ती खोलीबाहेर आली की मी जाऊन पंखा बंद करते. परवा ती म्हणाली, आई, बिल अर्धं मी देत जाईन. मला तो टोमणाच वाटला. गेल्या आठवड्यापासून तिनं गीझर बंद करून बाळाचं पाणी गॅसवर तापवायला घेतलंय." पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: इन्व्हर्टर बसवल्यावर मीटरजवळचं एक बटण सारखं पडायचं, ते वायरमननं काढून लाइन सरळ जोडून दिली. आणि न्हाणीतल्या नळाला ओल्या हातानं कधीकधी मुंग्या आल्यासारखं होतं, "पण ते थंडीमुळे असेल".

ताई,

बिलाचं नंतर बोलू. आधी त्या शेवटच्या दोन ओळींचं.

नळाला मुंग्या येतात त्या थंडीमुळे नाहीत. पाण्याच्या नळात वीज उतरते आहे. आणि जे बटण सारखं पडत होतं ते बहुतेक आरसीसीबी असावं. काही लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात जाणारा करंट आणि घरातून परत येणारा करंट सारखा आहे ना, एवढंच ते बघत असतं. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की खटकन पडतो, कारण माणसाच्या अंगातून त्याहून जास्त करंट गेला तर जीव जाऊ शकतो. ते पडत होतं म्हणजे बिघडलेलं नव्हतं. तुमच्या घरात काहीतरी चुकलंय हे ते ओरडून सांगत होतं, आणि वायरमननं त्याचं तोंड बंद केलं. मी 20 वर्षांहून जास्त काळ आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवलं. "सारखं पडतं म्हणून काढून टाकलं" हे वाक्य मी किती घरांतून ऐकलं असेल, सांगता येत नाही. आजही ऐकलं की पोटात गोळा येतो.

म्हणून पत्र वाचून झालं की तीन गोष्टी करा. न्हाणीतल्या गीझरचा नुसता स्विच बंद करून थांबू नका, प्लगच उपसून ठेवा. थेट वायर जोडलेली असेल तर त्याचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्या लाइनीची वीज तोडणारा खटका, खाली पाडा. बाळाची अंघोळ त्या नळाखाली नको, बादलीत पाणी काढून दुसरीकडे घाला. आणि परवानाधारक वायरमनला बोलावून पहिल्यांदा तो आरसीसीबी परत लावायला सांगा. नळाला खरंच करंट लागतो का, हे हात लावून बघायला कुणीही जायचं नाही. तुमचे यजमानही नाहीत.

गीझर बंद ठेवणं आत्ता योग्यच आहे, फक्त त्याचं कारण सूनबाईंना नीट सांगा. त्या बिलाच्या ओझ्यानं बाळाचं पाणी गॅसवर तापवतायत. त्यांना सांगा की बिलासाठी नको, गीझर तपासून होईपर्यंत तो धोक्याचा आहे म्हणून बंद ठेवू. तेच पातेलं, तोच गॅस, पण तापवणाऱ्या बाईच्या मनात फार फरक पडतो.

आता बिल.

पहिल्यांदा रुपये विसरा आणि युनिट धरा. तुमची रक्कम जवळजवळ चौपट झाली, पण युनिट तिप्पटच झाले आहेत. याचं कारण स्लॅब. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांचा जो दर असतो, त्याच्या दुपटीच्या जवळपास 101 ते 300चा असतो, आणि 300च्या पुढच्या युनिटांना पहिल्या दराच्या साधारण अडीच पट मोजावे लागतात. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे तीनशेच्या पुढचं प्रत्येक युनिट फार महाग. पण तेवढंच उलटही खरं. चूक सापडून वरचे युनिट गळाले, तर सगळ्यात महागडेच आधी गळतात.

पूर्वीचे 140, आता 410. जादा 270. हे 270 कुणाचे, हाच तुमचा प्रश्न. तुम्ही तीन नावं घेतलीत: मीटर, वरची मुलं, सून. मला वाटतं, तुमच्या पत्रातच निम्मं उत्तर आहे आणि तुम्ही ते लिहून पुढे गेलात.

सूनबाई जानेवारीत 12 दिवस नव्हत्या. त्या महिन्याचं बिल 378, आदल्या महिन्याचं 410. फरक 32 युनिटांचा. 12 दिवसांत 32, म्हणजे दिवसाला पावणेतीनच्या आसपास, महिन्याला 80. सूनबाई आणि नातू मिळून महिन्याला 80 युनिट वापरतात. हा हिशोब अगदी काटेकोर नाही, थंडी कमी-जास्त होते, रीडिंगची तारीख एखादा दिवस मागे-पुढे होते. पण तो दुसऱ्या बाजूनंही जुळतो. लॅपटॉप दिवसभर चालला तरी अर्ध्या-पाऊण युनिटाच्या वर जात नाही. जुन्या पद्धतीचा पंखा 75 वॅटचा, तो 13 तास फिरला तर एक युनिट. 15 लिटरचा गीझर एकदा गार पाण्यापासून तापवायला पाऊण युनिटाच्या आसपास लागतं. बाळाचे कपडे रोज धुतले जातात, त्याचं थोडं. बेरीज करा, पावणेतीनच्या आसपासच येते.

घरात दोन माणसं वाढली, त्यातलं एक दोन वर्षांचं, तर 80 युनिट हा रास्त खर्च आहे. तो राहणारच आणि राहू दे. पण 270 वजा 80, उरतात 190. ते सूनबाई माहेरी होत्या तेव्हाही जळतच होते. त्यांच्या पाठीमागे जाऊन पंखा बंद करताना तुम्ही जे शोधत होतात, ते त्या खोलीत नव्हतंच, ताई.

मग हे 190 कुठे गेले? महिन्याला 190 म्हणजे रोज सव्वासहा. 24 तासांवर पसरले तर सुमारे 260 वॅट, म्हणजे जुने साडेतीन पंखे दिवसरात्र न थांबता फिरल्यासारखं. असं एखादं उपकरण घरात असतं तर तुम्हाला दिसलं असतं. म्हणून मला उपकरणापेक्षा वायरिंगचा संशय जास्त येतो, आणि दोन शक्यता पुढे दिसतात.

पहिली, गळती. गीझरच्या आतली कॉइल एका धातूच्या नळीत असते. खाऱ्या पाण्यानं ती नळी फुटली की करंट पाण्यात आणि तिथून अर्थिंगमध्ये जायला लागतो. गीझर बंद केला तरी, स्विच चुकून न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवर, बसवलेला असेल तर, फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आत पोचलेलीच असते आणि गळती चालू राहते. प्लगच काढा असं मी म्हणालो ते यासाठी. ही वीज तुमच्या काही कामी येत नाही, जमिनीत जाते, पण मीटर ती मोजतं. अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कुणी बघितला नसेल, तर काही वीज जमिनीत जाण्याऐवजी नळाच्या पाइपात रेंगाळते. तुमच्या मुंग्या त्याच असाव्यात.

दुसरी शक्यता जरा सावकाश सांगतो, कारण ती फार घरांत असते आणि फार थोड्यांना माहीत असते. वीज फेजच्या वायरनं येते, काम करते आणि न्यूट्रलच्या वायरनं परत जाते. आपल्याकडची सिंगल फेजची इलेक्ट्रॉनिक मीटर चोरी पकडता यावी म्हणून दोन्ही वायरींतला करंट बघतात आणि दोनपैकी जो जास्त असेल त्यावर युनिट मोजतात. एरवी दोन्ही सारखेच असतात, त्यामुळे काही बिघडत नाही. पण समजा, वरच्या मजल्याची न्यूट्रल कुठेतरी तुमच्या न्यूट्रलला जोडली गेली. मग वरच्या मुलांचा करंट जाताना त्यांच्या मीटरमधून जातो आणि परत येताना तुमच्या मीटरमधून येतो. तुमच्या न्यूट्रलमध्ये करंट जास्त, म्हणून तुमचं मीटर तो तुमच्या नावावर मांडतं. त्यांचं मीटरही आपल्या फेजवरून तो त्यांच्या नावावर मांडतंच. एकच युनिट दोनदा मोजलं जातं, दोघंही पैसे भरतात, आणि कुणीही कुणाची चोरी केलेली नसते.

तुमचं घर आधी एका मीटरचं असणार, वरचं मीटर नंतर वेगळं घेतलेलं. अशा घरांत जिन्याजवळच्या एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये दोन्ही मजल्यांच्या न्यूट्रल शेजारी-शेजारी असतात. काळ्या वायरी, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या. इन्व्हर्टर बसवताना वायरमन काही लाइनी वेगळ्या काढतो आणि तिथेच चुकीची वायर चुकीच्या पिळात जाते. आरसीसीबी नेमका त्यानंतर पडायला लागला, कारण गेलेला आणि आलेला करंट जुळेना. मला हे फार जुळून आल्यासारखं वाटतं. पण पत्रावरून निदान करू नये, म्हणून तपासायचं कसं ते सांगतो.

मीटरसमोर उभ्या राहा. त्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळ 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. 3200 असेल तर तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. दुसरा एक दिवा असतो, त्याच्यापाशी ई एल किंवा अर्थ असं लिहिलेलं असतं; काही मीटरांत दिवा नसून पडद्यावर खूण येते. फेज आणि न्यूट्रलचा मेळ बसत नसला की तो लागतो. तो लागलेला असेल, तर वर सांगितलेल्या दोनपैकी एक गोष्ट तुमच्या घरात आहे असं जवळजवळ धरून चाला. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ आपोआप राहते.

मग एका रविवारी सकाळी, वरची मुलं घरी असताना, त्यांना खाली चहाला बोलवा. मनात संशय असताना हे जड जाईल, कळतं मला. पण ही तपासणी त्यांच्याशिवाय होत नाही. तोवर त्यांच्या बिलावरचे युनिट विचारून घ्या. त्यांच्या बिलात महिन्याला 190च्या आसपास आकडा दिसला, तर मला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

घरातले फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर आधी नीट बंद करा, त्यांनाही वर तसंच करायला सांगा. इन्व्हर्टरही त्याच्या बटणानं बंद करा, नाहीतर मेन पाडल्यावरही तो बॅटरीवर घरात वीज देत राहील. आता तुमचा मेन पाडा. तुमच्या घरात काहीच चालू नाही, तेव्हा मीटरचा लाल दिवा स्थिर झाला पाहिजे. वरच्यांना मात्र दोन-तीन दिवे, पंखे चालू ठेवायला सांगा.

तुमचा मेन जुना लोखंडी डब्यातला, दोन्ही वायरी तोडणारा असेल आणि तो पाडल्यावर वरचे दिवे गेले किंवा मिणमिणायला लागले, तर त्यांचा परतीचा रस्ता तुमच्या घरातून आहे. मेन फक्त फेज तोडणारा एमसीबी असेल, तर वरचे दिवे चालू राहतील आणि तुमच्या मीटरचा दिवा लुकलुकत राहील. मग त्यांना मेन पाडायला सांगा. त्याच क्षणी तुमचा दिवा थांबला, तर उत्तर मिळालं. या सगळ्या वेळात कुणीही उघड्या वायरीला, होल्डरला, बोर्डाला हात लावायचा नाही. मेन पाडलाय म्हणून वायर मेली असं न्यूट्रल मिसळलेल्या घरात धरता येत नाही.

दोन्ही मेन पडलेले, तरी तुमचं मीटर चालूच, तर दोष मीटर आणि मेनच्या मधल्या वायरीत किंवा मीटरमध्ये आहे. तिथे आपण हात घालायचा नाही, वीज कंपनीला कळवायचं. मीटरचं सील तर कुणालाही छेडू देऊ नका. तुटलेलं सील सापडलं तर तपासाची दिशाच बदलते आणि स्पष्टीकरण तुम्हाला द्यावं लागतं.

आणि मेन चालू, एमसीबी सगळे पाडलेले, मग गीझरचा सोडून एकेक वर करत गेलात, तर कुठला एमसीबी वर केल्यावर दिवा धावायला लागतो ते कळतं. घरातलं प्रत्येक उपकरण बंद असताना 3200च्या मीटरवर मिनिटाला 14 वेळा दिवा लुकलुकला, तर ते आपले हरवलेले 260 वॅट. न्हाणीच्या एमसीबीवर तसं झालं तर गळती. गळती असेल तर दिवसा-रात्री सारखीच राहते. न्यूट्रल मिसळली असेल तर वरच्यांच्या दिनक्रमाबरोबर चढ-उतार होतो, सकाळी गीझरच्या वेळी जास्त, दुपारी ते कामावर असताना जवळजवळ शून्य. म्हणून दोन-तीन दिवस सकाळी 7, दुपारी 2 आणि रात्री झोपताना रीडिंग वहीत लिहा. तुमचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरचं आहे, वही सुंदरच होईल. नव्या पद्धतीचं टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं, बसलेलं असेल तर वापराचे आकडे मोबाइलवरही बघता येतात. त्यात दुपारी सगळे झोपलेले असतानाचे आणि पहाटे दोन-तीनचे तास आधी बघा.

नवा वायरमन आला की त्याच्याकडे टाँग टेस्टर, म्हणजे वायर चिमट्यात धरून करंट मोजणारं यंत्र, आहे का विचारा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र त्याच्या चिमट्यात धरल्या तर आकडा शून्य यायला हवा. शून्य नाही आला तर गळती किंवा मिसळ, दुसरं काही नाही. पाच मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे टाँग टेस्टर नाही आणि जो आरसीसीबीची गरज नाही म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

इतर गोष्टींवर मी फार वेळ घालवणार नाही. फ्रिज जुना आहे, पण तो पूर्वीच्या 140मध्ये होताच. इन्व्हर्टरची बॅटरी वापरलेली घेतली असेल आणि ती सारखी गरम लागत असेल, पाणी लवकर आटत असेल, तर ती पूर्ण चार्जच होत नाही आणि चार्जर दिवसरात्र वीज ओढतो. तेवढं हात न लावता जवळ जाऊन बघा. एक मात्र विचारतो: गच्चीवरची टाकी भरणारा पंप आपोआप चालू-बंद होणारा आहे का? माझ्या स्वतःच्या घरी एकदा बिल वाढलं तेव्हा मी, इतकी वर्षं हेच शिकवणारा माणूस, आठवडाभर वायरिंग उचकटत होतो. पत्नीनं एका रात्री विचारलं, हा पंप दोन वाजता कशाला लागतो? वरच्या संडासातली फ्लशची टाकी आतून झिरपत होती. पाणी भांड्याच्या कडेनं निघून जायचं, आवाज नाही, थेंब नाही. गच्चीवरची टाकी रिकामी होत राहायची आणि पंप रात्रीत चार-चार वेळा लागायचा. एक हॉर्सपॉवरचा पंप तासाला एक युनिटाच्या आसपास घेतो. फ्लशच्या टाकीत हळदीचं थोडं पाणी टाका. कुणी फ्लश न करता भांड्यात पिवळं उतरलं तर झिरपतंय.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. मीटर बिघडू शकतं. पण तिथवर जाण्याआधी बिल हातात घेऊन बघा: त्यावरचा मीटर क्रमांक आणि भिंतीवरच्या मीटरचा क्रमांक एकच आहे ना, छापलेलं चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्याच्या थोडं मागेच आहे ना, आणि बिलाचे दिवस किती. दोन मीटरच्या घरात वरचं-खालचं मीटर अदलाबदल झालेलंही मी पाहिलं आहे. तुमच्या घरात तसं असेल, तर वरच्यांचं बिल तुमच्या जुन्या बिलासारखं दिसेल. शिवाय मेन पाडताना कुठलं मीटर थांबतं ते दिसेलच. सगळं घर तपासून झालं आणि काहीच सापडलं नाही, तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि तपासणी तुमच्यासमोर व्हावी असं अर्जात लिहा. तपासणीचं शुल्क भरावं लागतं. तक्रार 1912 वर फोन करूनही नोंदवता येते, पण कागद हातात असलेला बरा.

तोपर्यंत बिल भरू नका असं मी सांगणार नाही. वीज कायदा 2003च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. बिलाबद्दल वाद असेल तर निषेध नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. वीज कंपनीकडे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल आहेत. हे तुमच्यासाठी लिहितो आहे तितकंच त्यांच्यासाठीही, ज्यांची पत्रं गेल्या महिन्यात आली: दोन-तीन महिने मीटरपर्यंत पोचता आलं नाही म्हणून सरासरी बिलं आली आणि मग एकदम मोठा आकडा अंगावर पडला. तुम्हा मंडळींनी साचलेले युनिट त्या-त्या महिन्यांत वाटून स्लॅबचा फायदा दिला आहे का, एवढं आधी बघावं. तो दिलेला नसेल तर तुमची तक्रार अगदी सरळ आहे.

पण ताई, तुमच्या बाबतीत एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दोष घरातल्या वायरिंगमध्ये निघाला, तर या तीन महिन्यांचे पैसे परत मिळतील असं धरून बसू नका. मीटरच्या पुढची वायर घरमालकाची. न्यूट्रल मिसळलेली निघाली तर त्या मुलांवरही काही निघत नाही, त्यांनी त्यांचं बिल भरलेलंच आहे. गेले ते गेले.

आणि सूनबाई. "बिल अर्धं मी देत जाईन" हा टोमणाच होता असं तुम्ही का धरलंत? पत्रात तुम्ही लिहिलंय की तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. पण जी खोलीबाहेर पडते आणि तिच्या पाठोपाठ पंख्याचं बटण खटकन वाजतं, तिला शब्द लागत नाहीत. नवं घर, नवरा लांब, पदरात लहान मूल, आणि आपण आल्यापासून बिल वाढलंय हे तिला तुमच्याइतकंच दिसतंय. अशा वेळी माणूस पैसे काढून पुढे करतो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नाही. मला तरी त्यात टोमणा ऐकू आला नाही. भीती ऐकू आली.

तिची क्षमा मागा असं मी सांगत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवाल. तिला तुमच्या वहीतला हिशोब दाखवा. 410, 378, 32, 12 दिवस, 80. आकडे तिच्यासमोर मांडा आणि म्हणा की उरलेले 190 आपल्याला मिळून शोधायचेत. तिला लॅपटॉपवर काम करताना मध्येच उठून मीटर बघणं सोपं आहे, तुमचे गुडघे दुखत असतील. दुपारी 2चं रीडिंग तिच्याकडे द्या. अर्धं बिल मात्र घेऊ नका, निदान कारण सापडेपर्यंत. ती कमावती आहे, घरखर्चात वाटा द्यायचा असेल तर तो पुढे शांतपणे ठरवता येईल, किराण्यात, बाळाच्या दुधात. या बिलाचा वाटा घेतलात तर 190 युनिटांची चूक तिच्या नावावर कायमची लागेल.

तुमच्या यजमानांना जेवताना "पूर्वी एवढं येत नव्हतं" म्हणायची सवय असेल, तर त्यांना काम द्या: वायरमन शोधणं, परवाना बघणं आणि आरसीसीबी बसल्यावर त्याच्यावरचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का बघणं. पडायलाच हवा. हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं, कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

आरसीसीबी परत लावल्यावर तो पुन्हा पडायला लागला तर या वेळी कुणालाही तो काढू देऊ नका. तो का पडतो ते शोधणारा माणूस आणा. आरसीसीबीचं पडणं थांबेल त्या दिवशी तुमच्या मीटरवरचा तो दुसरा दिवाही विझलेला असेल असा माझा अंदाज आहे. झालं की मला कळवा. आणि वरच्या मुलांच्या बिलावर किती युनिट होते, तेही आठवणीनं लिहा.